चालू संकेतस्थळावरून सॉफ्टवेअरच्या आराखड्याकडे

आधी आराखडा, मग प्रोग्राम, हा क्रम पाठ्यपुस्तकातला. प्रत्यक्षात आराखडा बहुधा कागदावर उतरतच नाही, उतरला तरी पुढील बदलांची नोंद त्यात होत नाही. प्रोग्रामर सोडून गेला की संस्थेच्या हाती फक्त चालू संकेतस्थळ उरते. त्यावरून मूळ रचना शोधण्यास रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. चिकोफ्स्की व क्रॉस यांच्या १९९० सालच्या व्याख्येनुसार यात घटक व त्यांचे परस्परसंबंध ओळखून अधिक अमूर्त पातळीवर त्यांचे चित्र उभे केले जाते; प्रणालीत बदल करणे हा यातला भाग नव्हे.

या चित्रासाठी बहुधा यूएमएल वापरतात. मात्र वेबवरील पानाला दोन रूपे असतात: सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम आणि ब्राउझरमध्ये दिसणारे पान. जिम कॉनलेन यांनी १९९९ साली ही दोन्ही स्वतंत्र वर्ग म्हणून मांडली.

परीक्षेच्या निकालाचे संकेतस्थळ घेऊ. दुव्यांमागून जाणारा प्रोग्राम बैठक क्रमांकाच्या फॉर्मपाशी थांबतो. क्रमांक भरत गेल्यास हजारो पाने मिळतात. नावे व गुण वेगळे, पण एचटीएमएलची ठेवण एकच. म्हणून ती सारी आराखड्यात एकच वर्ग ठरतात. ‘क्रमांक सापडला नाही’ हे पान मिळवायचे तर मुद्दाम चुकीचा क्रमांक द्यावा लागतो. ‘निकाल राखीव’ हे पान तर थोड्याच क्रमांकांना दिसते. ते हाती लागले नाही, तर आराखडा नीटनेटका दिसतो आणि तरीही चुकीचा असतो. कोणत्या अटीवर निकाल राखून ठेवला जातो, हे बाहेरून कळतच नाही. त्यासाठी सर्व्हरवरील प्रोग्राम वाचावा लागतो. इटलीतील रिक्का व तोनेला यांच्या २००१ सालच्या ‘रीवेब’ साधनातही फॉर्ममध्ये काय भरायचे हे माणसानेच सांगायचे असते.

पुढे पानाचा पत्ता न बदलता ब्राउझरमध्येच मजकूर बदलणारी संकेतस्थळे आली. त्यांच्यासाठी २००८ साली मांडलेले ‘क्रॉलजॅक्स’ हे साधन बटणे दाबून पाहते व प्रत्येक नव्या स्थितीची नोंद करते. (हे काम संकेतस्थळाच्या प्रतीवर करावे, ‘नोंद काढून टाका’ हेही एक बटणच असते.)

सर्व्हरवर असलेल्या, पण कोणताही दुवा नसलेल्या पानाचा प्रश्न याहून अवघड. यंत्र त्यास निरुपयोगी ठरवील. कदाचित कार्यालयातील लिपिक रोज त्याचा पत्ता हाताने टाइप करून तेच पान उघडत असेल.