बारा व्होल्टचं भोक

नव्या गाड्यांतून सिगरेट लायटरचं भोक गायब व्हायला लागलंय, आणि त्याचं कुणाला काहीच वाटत नाही याचा मला जास्त राग आहे. भाच्याने यंदा घेतलेल्या गाडीत ते नाहीच. त्या जागी टाइप-सीच्या दोन फटी. भाचा म्हणतो, "मामा, आता गाडीत सिगरेट कोण ओढतं?" अरे, तेव्हा तरी त्यावर कोण पेटवत होतं? आमच्या मॅटाडोरला लायटर नव्हताच मुळी. ड्रायव्हरने चोर बाजारातून नुसतं भोक आणून डॅशबोर्डखाली बसवलं होतं, आणि त्या भोकावर लालबाग ते राजापूर अख्खं 'वस्त्रहरण' नाटक वाजायचं.

त्याआधीची वर्षं उरकूनच टाकतो. साठ-सत्तरच्या दशकांत हौशी माणसं मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन एसटीत बसायची आणि घाट लागला की खरखर ऐकायची. फिलिप्सने कॅसेट काढली 1963 मध्ये. ती आमच्या चाळीपर्यंत पोचली ती आखाती देशांत गेलेल्यांच्या बॅगांतून, टू-इन-वनच्या सोबतीने, पुष्कळ उशिरा.

खरी मजा 1983-84 पासून पुढची दहाएक वर्षं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचा पैसा आटला, पण गणपतीला गावी जाणं काही आटलं नाही. एसटीचं रिझर्व्हेशन मिळायचं नाही, मग गावकीच्या खोलीत वर्गणी काढून मॅटाडोर ठरायची. परळच्या नाक्यावरून रात्री निघायचं. बोचकी टपावर, पोरं मांडीवर आणि टू-इन-वन उशीवर. हो, उशीवर. वडखळच्या खड्ड्यांत टेप हलला की तारस्वरातला गायक गटांगळ्या खायला लागायचा.

त्या टेपला मोठे सहा सेल लागायचे. प्रत्येकी दीड, म्हणजे नऊ व्होल्ट. सेल उतरले की मोटर मंदावायची आणि लताबाईंचा आवाज पार पुरुषी व्हायचा. सेल वाचवायला कॅसेट पेन्सिलीवर फिरवून रिवाइंड करायची, आणि मेलेले सेल गावी पोचल्यावर खळ्यात उन्हाला लावायचे. एवढं करून परतीच्या प्रवासाला नवे सेल घ्यावे लागायचेच, आणि सण संपल्यावर कुणाच्या खिशात काही उरलेलं नसायचं.

मग आला अ‍ॅडॉप्टर. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा व्हीजेटीआयमध्ये डिप्लोमा करत होता. लॅमिंग्टन रोडवरून त्याने सेव्हन-एट-झीरो-नाइन नावाची तीन पायांची आयसी आणली, दोन कपॅसिटर आणले आणि सगळं साबणाच्या डबीत कोंबलं. आयसीला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने आवळला. तत्त्व साधं होतं. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. आयसी त्यातले नऊ पुढे सोडते आणि उरलेल्यांची उष्णता करते. पनवेल येईस्तोवर त्या पत्र्याला बोट लावायची सोय नसायची.

इथे एक जुना हिशेब चुकता करतो. पुढच्या वर्षी शेजारच्या चाळीनेही अ‍ॅडॉप्टर घेतला, तयार, दुकानातून. बऱ्याच जपानी सेटांच्या पिनीत आतलं टोक निगेटिव्ह असतं. दुकानदाराने सेटचं नाव न विचारता उलटी पिन जोडून दिली. पेणच्या अलीकडेच धूर! परत गेल्यावर म्हणाला, इलेक्ट्रॉनिक मालाला गॅरंटी नसते. त्याला त्यांनी गिरणगावच्या भाषेत काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही.

अ‍ॅडॉप्टरने सेलचा खर्च वाचवला, पण एक नवं दुखणं आणलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ असा आवाज चढायचा, पाय काढला की उतरायचा. गाडीत वीज जिथे तयार होते तिथली कुरकुर तारेतून थेट टेपात शिरायची. कशेडी घाटात तर गाणं कुठलं आणि गिअर कुठला ते कळेना. उपाय त्याच पोराने काढला. तारेत एक चोक कॉइल आणि भलामोठा कपॅसिटर. आवाज पूर्ण गेला नाही, पण 'वस्त्रहरण'मधला तात्या सरपंच काय बोलतो ते ऐकू यायला लागलं. तेवढंच हवं होतं.

काय लावायचं याची निवड मात्र समितीची असायची. पहाटे माणगावच्या सुमाराला म्हाताऱ्यांचं 'गीतरामायण', उजाडल्यावर बायकांची भावगीतं, मग डबलबारीची भजनं. पु. लं.ची 'म्हैस' सगळ्यांना चालायची, कारण कोकणातल्या एसटीत अडकून पडणं काय असतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. 'वस्त्रहरण' मात्र राखून ठेवायचं. मच्छिंद्र कांबळींचा आवाज सुरू झाला की पेंगणाराही उठून बसायचा आणि पुढचं वाक्य आधीच म्हणायचा. अर्ध्या तासाने बाजू संपली की ती पालटायचा मान पुढे बसलेल्या पोराचा.

या सगळ्याचा वैरी एकच, ड्रायव्हर. चढ लागला की हा प्लग उपटायचा. म्हणे टेप गाडीची ताकद खातो. चहाला थांबलो की पुन्हा उपटायचा, बॅटरी बसेल म्हणून. दुसऱ्यात थोडं तथ्य होतं, पहिल्यात शून्य. दोन हेडलाइट मिळून शंभर वॅट सहज खातात. आमचा टेप पाच-सात. हे त्याला डिप्लोमावाल्याने कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "मग गाडी तुझा कागद चालवेल." शेवटी पोलादपूरला त्याला वडा-उसळ खिलवली की महाडपासून काढलेला प्लग परत बसायचा.

1998 मध्ये कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग झाली आणि मॅटाडोरची गरज ओसरली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. सीडी आल्या, त्या खड्ड्यांत उड्या मारायच्या. भोकात खोचायचे एफएम ट्रान्समीटर आले, त्यांच्यावर पुढच्या गाडीतली गाणी लागायची. 2023 च्या ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पेपरांनी पानं भरून हळहळ केली, पण मागच्या काचेखाली स्पीकर ठोकून रात्री दादर ते गिरगाव गझल ऐकवणाऱ्या टॅक्सीवाल्यांवर मला दोन ओळीही सापडल्या नाहीत.

आणि मुंबई-गोवा महामार्ग? 17 चा 66 झाला, 2011 पासून रुंद होतो आहे. यंदा भाच्याच्या गाडीतून गेलो. कोलाडच्या अलीकडे कोंडीत इंजिन बंद करून बसलो होतो. मी त्याच्या मोबाइलवरून 'वस्त्रहरण' लावलं. थोड्या वेळाने गाडीचा पडदा काळा झाला. बॅटरी वाचवण्यासाठी यंत्रणा बंद करत आहोत, अशी सूचना. भाचा म्हणाला, कंपनीनेच तसं ठेवलंय, आपल्याला बदलता येत नाही. म्हणजे तोच ड्रायव्हर पुन्हा, आणि याला वडा-उसळही चालत नाही.