'तुम्ही इथलेच ना?'

परदेशी राहून आलेली मंडळी एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. तिथल्या माणसाने आपल्याला तिथलेच समजून वाट विचारली! ऐकणाऱ्यालाही गंमत वाटते. परंतु त्या कौतुकात एक प्रश्न राहून जातो. कोणत्याही देशात 'इथले' लोक सगळे एकाच पंगतीला बसत नाहीत. तेव्हा परक्याला इथला समजले, म्हणजे त्याला कोणत्या पंगतीतला समजले, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेत गेलेल्या भारतीयांच्या अनुभवावरून हा प्रश्न चांगला उलगडतो, म्हणून आम्ही तोच येथे घेतला आहे.

प्रथम गरिबांचा अनुभव पाहू. ब्रिटिश आगबोटींच्या पोटात, भट्टीपुढे कोळसा ओढणाऱ्यांत आपल्याकडचे खलाशी पुष्कळ असत. त्यांत सिल्हेटकडच्या मुसलमानांचा भरणा मोठा. काम जीवघेणे आणि पगार गोऱ्या खलाशाहून कितीतरी कमी. म्हणून न्यूयॉर्कसारखे बंदर लागले की काही जण बोट सोडून शहरात नाहीसे होत. १९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने कायदा करून आशियाच्या बहुतेक भागांतील मजुरांना दार बंद केले. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कायद्याने पोर्तो रिको बेटाच्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. म्हणजे एक सावळा माणूस बेकायदा, तर तशाच रंगाचा दुसरा हक्काचा नागरिक! हार्लेमच्या वस्तीत आपल्या खलाशाला कोणी पोर्तो रिकन समजले, तर तो ते कशाला नाकारील? या खलाशांनी पोर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय स्त्रियांशी लग्ने केली, संसार थाटले. १९४६ साली भारतीयांना तेथे नागरिक होण्याची मुभा मिळाली, तोवर अनेकांना या गैरसमजाचाच आडोसा होता. त्यांना सामावून घेतले ते तिथल्या दुबळ्या लोकांनी, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता दक्षिणेकडे वळू. तेथे गोऱ्यांचे डबे वेगळे, कृष्णवर्णीयांचे वेगळे. लुइझियाना राज्याने १८९० साली असा कायदा केला आणि १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. खाणावळी, प्रतीक्षागृहे, पाण्याचे नळ, सगळीकडे हीच वाटणी. ही वाटणी अंमलात आणायची कोणी? तिकीट तपासनिसाने आणि वाढप्याने, आणि तीही नुसत्या नजरेने. साहजिकच भारतीय माणूस त्या नजरेला 'इथला' दिसे, म्हणजे कृष्णवर्णीय दिसे.

१९५५ साली भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांच्या बाबतीत हेच घडले. टेक्सासमधील ह्यूस्टनच्या विमानतळावर त्यांना गोऱ्यांच्या भोजनगृहातून उठवून वेगळ्या खोलीत बसावयास सांगण्यात आले. गवगवा होताच परराष्ट्रमंत्री डलेस यांनी दिलगिरी व्यक्त केली. देशाच्या मानाला धरून ते योग्यच झाले. परंतु ही दिलगिरी कशाबद्दल होती? माणूस ओळखण्यात चूक झाली, याबद्दल. ज्याला रोज बरोबर ओळखून उठवले जाई, त्याची क्षमा कोणी मागितली नाही.

याची उलट बाजूही आहे. जेसी रूटे नावाचे न्यूयॉर्कचे एक कृष्णवर्णीय पाद्री १९४७ साली डोक्याला फेटा आणि अंगात झगा घालून अलाबामातील मोबील शहरी गेले. याच शहरात पूर्वी त्यांना अपमान सोसावा लागला होता. या खेपेस परदेशी पाहुणा म्हणून त्यांचे आदरातिथ्य झाले. माणूस तोच, रंग तोच. चार वार कापडाने फरक पडला! म्हणजे द्वेष रंगाचा म्हणावा, तर तोही पुरता नव्हे. घरच्या माणसाला त्याच्या जागी बसवून ठेवायचे, हे खरे काम होते. पाहुणा आज येतो, उद्या जातो. त्याला मान दिल्याने काही बिघडत नाही.

म्हणून कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे वागणे आम्हाला मोठे वाटते. १९४१ साली दक्षिणेतून प्रवास करताना तपासनिसाने त्यांना डबा सोडण्यास सांगितले. त्या परदेशी असाव्यात, अशी शंका येऊन त्याने देश विचारला. 'मी भारतीय' एवढे शब्द पुरेसे होते. कमलादेवींनी ती पळवाट घेतली नाही. आपण वर्णाने काळ्याच आहोत आणि येथून उठणार नाही, असे त्यांनी बजावले. १९६४ च्या मे महिन्यात राममनोहर लोहिया यांना मिसिसिपीतील जॅक्सन येथे एका उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच गेले आणि त्यांना अटक झाली. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच.

कोणी म्हणेल, युनियनवाल्याला या दूरदेशीच्या गोष्टी कशाला? त्याचे कारण कारखान्याच्या फाटकावर आहे. कायम आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर उभे राहतात. पण सुटीच्या वेळी झडती होते ती कंत्राटी कामगाराची. कधी चुकून कायम कामगाराला बाजूला घेतात. तो बिल्ला काढून दाखवतो, रखवालदार ओशाळतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते, "साहेब, आम्हाला कंत्राटी समजले!" आम्ही त्याला विचारतो, "बाबा, झडती वाईट, का तुझी झडती वाईट?" बिल्ला दाखवून तो सुटतो खरा, पण रांगेतले बाकीचे ते पाहत असतात. उद्या संपाच्या दिवशी त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जायचे?

आज आपल्या गावांतली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदूरच्या देशांत राहतात. त्यांना कोणी तिथलेच समजून वाट विचारली, तर माहीत असल्यास जरूर सांगावी. पण तिथलेच समजून कोणी अडवले, तर खिशातला पासपोर्ट काढण्यापूर्वी आपल्यामागे रांगेत कोण उभे आहे, तेवढे वळून पाहावे.