बोटाच्या हाडातली पोकळी

झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, बोट सुजतं, एक्स-रे काढला जातो आणि मोडलेलं हाड आधीपासूनच आतून पोखरलेलं असल्याचं दिसतं. बोटातली हाडाची सिस्ट पुष्कळदा अशीच, ध्यानीमनी नसताना सापडते. अशा वेळी ओमानमध्ये, मस्कतच्या कुरुममध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आज जवळच मीना अल् फहलला खौला हॉस्पिटल आहे, हाडं आणि अपघातांच्या उपचारांसाठी देशभर नावाजलेलं. 1967 मध्ये ओमानच्या तेलाचं पहिलं जहाज याच मीना अल् फहलच्या बंदरातून निघालं, तेव्हा असे उपचार इथे कुठले!

या पोकळ्यांची ओळख पटायलाही फार काळ गेला. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखोने 1876 मध्ये हाडातल्या सिस्टचं वर्णन केलं, पण एक्स-रे आला 1895 मध्ये. पातळ पाण्याची सिस्ट वेगळी आणि रक्ताने भरून हाड फुगवणारी वेगळी, हे 1942 मध्ये जाफे आणि लिक्टेनस्टाइन या विकृतिशास्त्रज्ञांनी मांडलं. दुसरीला पुढे कित्येक वर्षं रक्ताभिसरणातला बिघाडच समजत. 2004 मध्ये तिच्या पेशींत यूएसपी6 या जनुकाची उलथापालथ सापडली आणि ती खरी गाठच असल्याचं कळलं. कर्करोग नव्हे, पण खरवडून काढली तरी पुन्हा का उगवते, याचा उलगडा झाला.

बोटात ती क्वचितच होते. हाताच्या हाडांत सर्वाधिक आढळते ती कूर्चेची गाठ, एनकॉन्ड्रोमा. लहान मुलाचं बोट सुजलं तर ओमानात काय किंवा गडचिरोली-नंदुरबारला काय, आधी सिकलसेल हा रक्ताचा आजार आठवावा लागतो, आपल्याकडे क्षयसुद्धा. म्हणून गाठ साधी दिसते एवढ्यावरून तुकडा न तपासता मोकळं होणं मला मुळीच पटत नाही.

शस्त्रक्रिया नाजूक असते. हाडाला छोटी खिडकी पाडायची, आतलं अस्तर क्युरेट या खरवडणीने कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडायचं, मग बहुधा कमरेच्या किंवा मनगटाच्या हाडाचा चुरा त्यात भरायचा. मुलांत पेराच्या बुडाशी असलेली वाढीची चकती जपावी लागते. नंतर बोट आखडू नये म्हणून व्यायाम. तो कंटाळवाणा, पण टाळला तर मूठ पुरती वळत नाही.

रक्ताची सिस्ट परतली तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. ओमानमधली नोकरी संपवून पुण्याला परतणाऱ्या कुटुंबाने जुने एक्स-रे आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सोबत आणावाच. नव्या डॉक्टरला तुलनेसाठी तेवढाच आधार असतो.