बारा ठिपक्यांत पाच स्वर

"मामा, एकही स्वर चुकत नाही, तरी गाणं का होत नाही?"

जालन्याहून भाच्याचा फोन होता. तो सतरा वर्षांचा, गिटार हातात घेऊन चार महिने झालेले. त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. जो स्वरसमूह चुकूच देत नाही, त्याच्यावर लिहायचं म्हणून मी मे महिन्यात जालन्याला गेलो.

स्टीलच्या सळ्या, बियाणं आणि मोसंबी ही या जिल्ह्याची बाहेरची ओळख. पण अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि अशा भागात रागाचं नाव माहीत असलेलं माणूस घरातच सापडतं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे ताई, भाच्याची आई. शाळेत असताना तिने हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पुढे ते सुटलं.

भाच्याने वहीत काढलेली चौकट दाखवली. सहा आडव्या रेघा, त्यांवर बारा ठिपके. सगळ्यात जाड, सहाव्या तारेवर पाचवा आणि आठवा फ्रेट, म्हणजे दांडीवरचा पडदा. पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या तारेवर पाचवा आणि सातवा. उरलेल्या दोन बारीक तारांवर पुन्हा पाचवा आणि आठवा. गिटार शिकणारी मुलं याला बॉक्स म्हणतात, आणि यातल्या स्केलला मायनर पेंटाटॉनिक. जगभरच्या नवशिक्यांच्या बोटांत हाच बॉक्स आधी बसतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमधून ही स्वरावली रॉकमध्ये आली. डीप पर्पलच्या १९७२ च्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ मुळात हीच स्वरावली आणि जोडीला एक तीव्र मध्यम, एवढ्यावर उभा आहे. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, आपल्या बंदिशीच्या मुखड्यासारखा. गाणं फिरून फिरून त्याच्याकडेच येतं.

भाच्याने बारा ठिपके खालून वर, वरून खाली वाजवले. स्वर खरंच एकही चुकला नाही. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हा तर धानी."

तिचं बरोबर होतं. हार्मोनियमच्या पांढरी सहाचा षड्ज धरला तर या बॉक्समध्ये सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढेच स्वर येतात. मी मोबाइलवर तानपुरा लावला, आधी पांढरी सहाचा. सूर गंभीर, थोडा उदास झाला. मग बोटं तिथेच ठेवायला सांगून तानपुरा पांढरी एकवर नेला. तेच ठिपके, त्याच तारा, आणि खोलीत भूप उभा राहिला. भाच्याने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. चार महिने तो ज्याला एक स्केल समजत होता, त्यात दोन घरं होती.

खरं तर पाच. त्याच पाच स्वरांतल्या एकेकाला षड्ज मानत गेलं की भूप, मधमाद सारंग, मालकंस, दुर्गा आणि धानी या रागांच्या स्वरावल्या ओळीने मिळतात. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. गिटारच्या दांडीवरही हे स्केल पाच बॉक्समध्येच वाटलेलं असतं, आणि बाराव्या फ्रेटनंतर तेच बॉक्स पुन्हा सुरू होतात. जी गोष्ट मुलं आकृत्या पाठ करून शिकतात, तिच्यासाठी मराठी कानाकडे नावं आधीपासून आहेत. हे त्यांना कुणी सांगत नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

चूक न होण्याचं कारण साधं आहे. शुद्ध सप्तकात ग-म आणि नि-सां या दोनच जोड्या अर्ध्या स्वराच्या अंतरावर असतात, आणि कानाला खुपतं ते बहुधा हेच जवळचं अंतर. म आणि नि वगळले की भूप उरतो आणि दोन्ही जोड्या सुटतात. मग कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशेजारी ठेवा, भांडण होत नाही. नवशिक्याला हा मोठाच आधार. पण भांडण नाही म्हणून ओढही कमी, आणि भाच्याचं नेमकं इथे अडलं होतं. सगळेच स्वर चालतात म्हटल्यावर तो सगळेच वाजवत होता.

मी त्याला बारापैकी तीनच ठिपके ठेवायला सांगितले. सा, ग, म. सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला तर्जनी, आठव्याला करंगळी, मग पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला पुन्हा तर्जनी. आता लय हवी. ती जिल्ह्यातच होती. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, आणि त्यांचे मनाचे श्लोक भाच्याला शाळेपासून पाठ. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात: लगागा चार वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा. एक आखूड, दोन लांब. आधी नुसत्या सा वर लगागा वाजवून घेतलं. पाय पाच मात्रा मोजायला लागल्यावर स्वर घातले: सा सा ग, सा सा म, सा सा ग, आणि चौथ्या लगागाला एकच आखूड सा. पुढच्या चार मात्रा रिकाम्या.

पहिल्या तीन तुकड्यांत दहा मिनिटांत जीव आला. रिकाम्या चार मात्रांनी मात्र दुपार घेतली. दुसऱ्या मात्रेलाच त्याचं बोट शिवशिवायचं आणि एखादा स्वर सांडायचा. तार वाजत राहू नये म्हणून डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून न उचलता नुसतं सैल करायचं असतं. ते जमेपर्यंत शांततेत तारेची गुणगुण शिल्लक राहायची, आणि तेवढ्यानेही रिफची धार जायची.

मग बेंड. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा म ओढून प पर्यंत न्यायचा, सतारीवर मींड घेतात तसा. आधी दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा प ऐकायचा, मग तेवढी ओढ द्यायची. अनामिकेने ओढ, मागून मधल्या बोटाचा आणि तर्जनीचा जोर, मनगटाचा पीळ. भाच्याचा म दर वेळी प च्या अलीकडेच थांबायचा. बोटाच्या टोकावर तारेचा लाल चर उमटला होता. हे दुखणं काही आठवड्यांत घट्टा पडून कमी होतं, पण ओढ किती हे सांगायला कानाशिवाय कुणी नसतं. ब्लूजमधला ग तर कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. त्या जागेला फ्रेटच नाही, आणि वहीत ठिपकाही नाही.

त्यात मे महिना. कोरड्या उन्हाने लाकूड आकसलं होतं, फ्रेटची टोकं दांडीच्या कडेला हाताला टोचत होती. ताईने कूलर लावला तर तासाभरात सूर हलले. त्या ओलसर वाऱ्यात ठेवलेल्या गिटारच्या तारा लवकर गंजतात, म्हणून गिटार पिशवीत, कूलरपासून लांब ठेवायचं ठरलं. रोज सरावाआधी कानाने सूर लावायचे हेही ठरलं. चार महिन्यांत त्याने ते फक्त मोबाइलवरचा काटा बघून केलं होतं.

संध्याकाळी ताई समोर येऊन बसली. तिने पांढरी एकचा तानपुरा लावून भूप गुणगुणला, मग देशकार. स्वर तेच पाच, पण भूपात ती ग वर विसावत होती, देशकारात ध वर. भाचा तिचं बघून ग शोधू लागला. त्या षड्जाने ग म्हणजे पाचव्या तारेवरचा सातवा फ्रेट. सापडला तेव्हा तो त्यावर थांबला आणि दुसरं काही वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होतो तेव्हा आतल्या खोलीतून सा सा ग, सा सा म ऐकू आलं. चौथ्या लगागाला आखूड सा वाजला. मग पायाचा आवाज, एक, दोन, तीन, चार, आणि तार गप्प. पुन्हा सा. पुढच्या फेरीत त्याने बेंड घातला. तो अजून प ला पोचत नव्हता.