तान्ह्या बाळाची ताकद मोजतात कशी?

२०२१च्या सुरुवातीला अंधेरीच्या एका बाळासाठी सुमारे १६ कोटींचे औषध आणायला लोकांनी पैसे जमवले आणि ‘स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी’ हे नाव घरोघरी पोचले. या आनुवंशिक आजारात मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात, स्नायू दुबळे होतात. पण औषध लागू पडले, हे ठरवायचे कसे? तान्हे बाळ सांगून थोडेच हात उचलते!

त्यासाठी ‘चॉप इंटेंड’ ही चाचणी आहे: १६ कृती, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ६४. उदाहरणार्थ, बाळाला उताणे निजवून हाताची हालचाल पाहतात. नुसती बोटे हलली तर १ गुण, कोपर गादीवरून उचलले तर ४. बाळ भुकेले वा पेंगुळलेले असेल तर गुण फसवे येतात. याच आजारावरील नुसिनर्सेन औषधाच्या संशोधनात किमान ४ गुणांची वाढ हा प्रतिसाद मानला गेला. बसू शकणाऱ्या मुलांसाठी ३३ कृतींची, ६६ गुणांची विस्तारित हॅमरस्मिथ श्रेणी आहे.

चार महिने उलटूनही बाळ मान धरत नसेल, अंग सैल वाटत असेल, तर ‘धरेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मेलेल्या चेतापेशी औषधाने परत येत नाहीत.