खिडकीला कोणता पडदा? आधी ऊन बघा, मग कापड



पडदे घ्यायला दुकानात गेलो की आपला पहिला प्रश्न असतो, "आमच्या भिंतीला कोणता रंग शोभेल?" शोभा हवीच. पण मुलाला दुपारी अभ्यासाला बसता येईल का, बाळ नीट झोपेल का आणि मे महिन्यात खोली किती तापेल, हे ठरतं ऊन कुठून येतं आणि ते कुठे अडवलं जातं यावर. त्यामुळे हा विषय आज थोडा भूगोलातून, थोडा विज्ञानातून आणि शेवटी गणितातून बघू या.

संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून तर आपल्याकडे मे महिन्यात एकदा आणि पुढे जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा शून्य सावलीचा दिवस येतो. शाळेच्या मैदानात काठी रोवून आपण तो मुलांना दाखवतो. त्याचाच अर्थ घरापुरता असा, की ऐन उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसं आत येत नाही, छज्जा ते अडवतो. डिसेंबरात मात्र पुण्यात दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवरच असतो, आणि तेव्हाचं ऊन आपल्याला हवंच असतं. दक्षिणेच्या खिडकीला साधा सुती पडदा पुरतो. उत्तरेचा उजेड तर सगळ्यात शांत, तिथे आडोशापुरतं झिरझिरीत कापड लावा. पूर्वेचं ऊन सकाळी लवकर येतं आणि जातं. तिथे प्रश्न फक्त झोपेचा.

खरी डोकेदुखी पश्चिमेची. मे महिन्यात संध्याकाळी ५ वाजता पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर असतो. दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीचं हे उदाहरण जरूर द्या: छज्जा दीड फूट पुढे आलेला असेल, तर समोरून येणाऱ्या उन्हात त्याची सावली किती खाली येईल? उत्तर येतं जेमतेम पाऊण फूट! म्हणजे चार फुटी खिडकीचा सव्वातीन फूट भाग उघडाच. आणि मुलं शाळेतून येऊन वह्या उघडतात ती नेमकी हीच वेळ.

मग जाड, गडद पडदा लावायचा का? इथे विज्ञान उपयोगी पडतं. उन्हातली ऊर्जा काचेतून सहज आत येते. गडद पडदा ती शोषून घेतो, तापतो आणि उष्णता बाहेर टाकू लागतो. पण ही उष्णता काचेतून परत बाहेर जाऊ शकत नाही, ती खोलीतच राहते. अंधार होतो खरा, गारवा नाही. म्हणून जाड पडद्याला काचेच्या बाजूने पांढरं अस्तर लावून घ्यावं, निदान थोडं ऊन तसंच परत जातं. त्याहून चांगलं म्हणजे ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवणं. आपल्या आजी-आजोबांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं. बांबूच्या काड्यांचा चिक व्हरांड्यात बाहेरच्या बाजूला टांगायचे, आत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत वाळ्याचा पडदा भिजवून लावला की पाण्याच्या बाष्पीभवनाने आत येणारी हवा गार होते. कोकणात हा उपाय चालणार नाही, कारण तिथल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही. तिथे जाड सुती पडद्यांना पावसाळ्यात कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात. पटकन वाळणारं पातळ पॉलिस्टर तिथे बरं.

आता जोड्या कशा जमवायच्या? एका पडद्याकडून सगळी कामं होत नाहीत, म्हणून दुहेरी दांडा घ्या. काचेकडे झिरझिरीत पडदा, खोलीकडे जाड. दिवसा पातळ ओढला की समोरच्या इमारतीतून आतलं दिसत नाही आणि उजेडही राहतो. दिवेलागणीनंतर मात्र उलट होतं: आत दिवा, बाहेर अंधार, मग पातळ पडद्यातून सगळं दिसतं! तेव्हा जाड पडदा हवा. पश्चिमेला बाहेर चिक आणि आत पातळ पडदा ही जोडी मला सगळ्यात पटते. अभ्यासाच्या टेबलाजवळ आडव्या पट्ट्यांचं ब्लाइंड सोयीचं पडतं, कारण पट्ट्या वर कलवल्या की उजेड छतावर पडून खोलीभर पसरतो आणि वहीवर चकाकी येत नाही. फक्त पट्ट्यांवरची धूळ पुसायची तयारी ठेवा.

ब्लाइंड घेणार असाल तर एक गोष्ट दुकानदार बहुतेक सांगणार नाही. त्याची लोंबती दोरी किंवा साखळी लहान मुलाच्या गळ्यात अडकून फास बसू शकतो, तोही आवाज न होता, काही मिनिटांत. अमेरिकेत तर डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना लोंबती दोरी नसावी, असं मानकच झालं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर दोरीविना चालणारं ब्लाइंड घ्या किंवा सरळ कापडी पडदा लावा. जुनं ब्लाइंड असेल तर दोरी गुंडाळायची खुंटी मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच बसवा. आणि बाळाचा पाळणा, पलंग, चढता येईल अशी खुर्ची खिडकीखाली नकोच.

राहिलं कापड. समजा खिडकी ४८ इंच रुंद आणि ४८ इंच उंच आहे. दांडा दोन्ही बाजूंनी ६-६ इंच जास्त घ्या, म्हणजे ६० इंच. चुण्या छान पडायला कापड दुप्पट लागतं, म्हणजे १२० इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर भागाकार अडीच येतो, म्हणून ३ पानं घ्यायची. उंचीत वर ६ आणि खाली ८ इंच वाढवले की ६२, दुमडीला आणखी १०, एकूण ७२ इंच. तीन पानांचे २१६ इंच, म्हणजे साधारण साडेपाच मीटर कापड. हे गणित मुलांनाच टेप देऊन करायला सांगा. अडीचाची ३ पानं का घेतली, यावर वर्गात बरीच चर्चा होते. सुती कापड असेल तर शिवायच्या आधी एकदा भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि पडदा खिडकीच्या वर लटकत राहतो. आणि सगळ्या खिडक्यांचा खर्च एकदम झेपत नसेल, तर यंदा फक्त पश्चिमेची करा, बाकीच्यांना जुने पडदे चालतील.