शेजारचा धावतो म्हणून

रोज पहाटे धावायला जायचं, असा निश्चय पुष्कळ जण करतात आणि तो आठवडाभरात ढिला पडतो. पण मैदानावर रोज दिसणारं कुणी, एक शब्दही न बोलता, शेजारून धावत असेल तर आपलेही पाय उचलले जातात. असं का होत असावं?

नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी अभ्यासकाला सायकल-शर्यतींच्या नोंदी पाहताना असाच प्रश्न पडला होता. एकट्याने सायकल चालवणाऱ्यांपेक्षा सोबत कुणी असलेल्यांचा वेग जास्त होता. पुढच्या सायकलमुळे वारा अडतो, हे एक कारण झालं. तेवढंच कारण आहे का? वाऱ्याचा प्रश्नच येऊ नये म्हणून त्याने ४० मुलांना मासेमारीची रिळं फिरवायला दिली. कधी एकट्याने, कधी जोडीने. निष्कर्ष १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीने फिरवताना २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांना विशेष फरक पडला नाही आणि १० मुलं चक्क मंदावली!

या शेवटच्या दहांचं काय? रॉबर्ट झायन्स यांनी १९६९ मध्ये झुरळांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. झुरळं उजेडापासून पळतात. बाजूच्या पारदर्शक खोक्यांत इतर झुरळं ठेवली, तेव्हा सरळ वाटेवर ती लवकर अंधारात पोचली. वळणाच्या वाटेवर मात्र त्यांना जास्त वेळ लागला. झायन्स यांच्या मते, इतरांच्या नुसत्या उपस्थितीने शरीर उत्तेजित होतं आणि सर्वांत सहज होणाऱ्या कृतीला जोर मिळतो. काम सरावाचं असेल तर ते अधिक चांगलं होतं; नवखं असेल तर चुकांनाच जोर मिळतो.

म्हणजे नवा व्यायामप्रकार चाळीस जणांसमोर करायला लावला, तर चुकणारं मूल आणखी चुकेल आणि व्यायामालाच कंटाळेल. तो आधी कोपऱ्यात, निवांतपणे शिकू द्यावा; जमल्यावर सगळ्यांसोबत करावा.

वर्गाने हे करूनच पाहावं. प्रत्येकाने मिनिटभर दोरीवरच्या उड्या एकदा एकट्याने आणि एकदा जोडीने माराव्यात. दमण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडावा म्हणून अर्ध्या मुलांनी जोडीने सुरुवात करावी. तुलना मात्र प्रत्येकाने स्वतःच्याच दोन आकड्यांची करायची. आकडा घटला तर तीही नोंदच आहे, नापास होणं नव्हे!